पोस्टमास्तरांचा कोट

आमच्या बाबांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलतात, अगदी हौसेने बोलतात, पण बोलताना त्यांचा डावा कान लालभडक होतो आणि मग ते तो चोळत बसतात. आईने या एका कानाच्या जोरावर पस्तीस वर्षं संसार केला. त्यामुळे चौकशीच्या खोलीत आमच्या वकीलबाईंनी त्यांना विचारलं, "त्या कोटाचं पुढे काय झालं, काही आठवतं का?" आणि बाबा म्हणाले, "नाही बुवा, नाही आठवत," तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. सरळ कानाकडे बघितलं. कान पेटला होता.

शेजारी बसलेल्या आईनेही तेच बघितलं. तिने मला कोपर मारलं. मी तिला मारलं. आम्ही दोघी गप्प बसलो, पण आमचं बोलणं झालं होतं.

आता हा माणूस कोट विसरतो म्हणजे काय! बाबा रफूगार आहेत. एका खोलीचं दुकान, एक उंच टेबल, एक दिवा आणि रस्त्याकडे तोंड केलेली त्यांची खुर्ची. कपडा जळलेला असो, फाटलेला असो, कसरीने खाल्लेला असो, बाबा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसतात आणि तेच धागे भोकात विणतात, आधी उभे, मग आडवे. गिऱ्हाईक न्यायला आलं की विचारतात, "दाखवा बरं, कुठे होतं?" गिऱ्हाईक कपडा उलटा करतं, सुलटा करतं, खिडकीशी नेतं. सापडत नाही. बाबा मिशीतल्या मिशीत हसतात. माझा वाढदिवस त्यांना दर वर्षी आई सांगते, पण वीस वर्षांपूर्वी कुणाच्या पॅन्टच्या कुठल्या गुडघ्याला रफू केला होता ते विचारा. धाग्याच्या रंगासकट सांगतील.

आणि दुकानाचा एक नियम आहे. ताज्या रफूला घडी घालायची नाही, कारण धागे बसायच्या आत सरकतात. पिशवीत कोंबायचा नाही. कपडा दोन्ही हातांवर आडवा घालायचा, मधोमध, दोन्हीकडे सारखा लोंबेल असा, आणि तसाच गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. जमिनीला लागू द्यायचा नाही. मेलं तरी लागू द्यायचा नाही, असं बाबा म्हणायचे. आता नाही म्हणत.

पोचवायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. त्याला आम्ही रिळ्या म्हणायचो, कारण तो एकदा बोलायला लागला की रीळ सुटल्यासारखा बोलत सुटायचा. सव्वीस वर्षांचा घोडा झाला होता, पण हातांवर कोट घेऊन निघाला की मी दारातून ओरडायची, "हळू ने रे, बाळ झोपलंय!" तो कोटाला जोजवल्यासारखं करत जायचा. अख्खी गल्ली हसायची. जाता जाता चार दारांशी थांबून गप्पा मारणार, हात गुंतलेले म्हणून नाकावरची माशी कुणाकडून तरी उडवून घेणार, आणि पाच मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लावणार.

चौदा महिन्यांपूर्वी असाच दुपारी चार वाजता निघाला. हातांवर पोस्टमास्तरांचा काळा कोट होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला होता की हत्यार घेतलेला माणूस या भागात फिरतोय. दोन पोलीस गाडीतून उतरले. एकाने ओरडून काही सांगितलं आणि गोळी झाडली. एकच. छातीच्या मधोमध. हत्यारवाला माणूस कोण होता, होता की नव्हता, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

मी हे असं पटकन सांगून टाकते. हळू सांगायला गेले की मला जमत नाही.

पोलिसांच्या अहवालात एक वाक्य आहे. आईला ते पाठ आहे, भांडी घासताना म्हणते. 'सदर इसमास हात वर करण्यास सांगितले असता त्याने तसे न करता उजवा हात झटकन कमरेकडे नेला.' पहिल्यांदा हे वाचून दाखवलं तेव्हा आई हसली होती. खरंच हसली. "झटकन?" म्हणाली. "आमचा रिळ्या? झटकन?" जन्माला यायलाही त्याने तीस तास लावले होते. आंघोळीला गेला की बाकीच्यांनी तोंड धुवायचा विचार सोडून द्यायचा. मग हसता हसता आईचं हसणं कुठल्या कुठे गेलं आणि ती म्हणाली, "मला ते वाक्य काढून हवंय. बाकी शिक्षा काय व्हायची ती होऊ दे, व्हायलाच हवी. पण आधी ते वाक्य काढा. माझ्या पोराने ऐकलं नाही असं कागदावर राहता कामा नये."

चौकशी बसली ती त्या वाक्यासाठी, असं आम्ही तरी धरून चाललो होतो. चौकशीसाहेब म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. बोलायला कमी, पाणी प्यायला जास्त. गोळी झाडणारा पोलीस मागच्या रांगेत बसायचा. माझ्याच वयाचा असेल. पहिल्या दिवशी आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "त्याच्या बाहीचं बटण लोंबतंय."

"आई!"

"दिसलं म्हणून बोलले. शिवून देणार नाहीये."

आमच्या वकीलबाई हुशार. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधतात, पण हुशार. त्यांनी औषधाच्या दुकानवाल्याला साक्षीला उभं केलं. गोळीच्या आवाजाने तोच पहिला बाहेर धावला होता. त्याने सांगितलं, "पोरगा उताणा पडला होता. अंगावर काळा कोट होता, म्हणजे घातलेला नाही, पांघरल्यासारखा. हात कोटाखाली. मी कोट उचलून खांद्यावर टाकला आणि जखम दाबून धरली."

पोलीस खात्याचे वकील उठले. गृहस्थ बोलताना टाचा उचलतात, उंच दिसावं म्हणून असेल. "पंचनाम्यात कोट नाही," म्हणाले.

"मी सांगितलं होतं. लिहून नाही घेतलं."

"मग कोट कुठे आहे?"

"संध्याकाळी मी यांच्या दुकानात नेऊन दिला. कोटाला यांची चिठ्ठी होती ना." आणि त्याने बाबांकडे बोट केलं.

आम्ही दोघी त्या संध्याकाळी दवाखान्यात होतो, बाबा तेवढे दुकानाला कुलूप लावायला परतले होते. आम्हाला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. वकीलबाईंनी बाबांना उभं केलं, कोटाचं विचारलं, आणि बाबांनी कान लाल करून घेतला.

खात्याचे वकील टाचा उचलून म्हणाले, "कोट नव्हताच, साहेब. हात मोकळे होते. आणि उजवा हात कमरेकडे गेला." चौकशीसाहेब पाणी प्यायले आणि म्हणाले, पुढच्या मंगळवारी शेवटची तारीख. त्या दिवसापर्यंत नवीन काही आलं नाही तर अहवाल आहे तसा राहील.

घरी आल्यावर मी बाबांना काही बोलले नाही. मी रागावले की आरडाओरडा करते आणि फारच रागावले की गप्प बसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा जेवले नाहीत. मी सरळ दुकानात गेले आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. आमच्याकडे प्रत्येक कपड्याच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक कपड्याला टाचतो, दुसरी पुस्तकात राहते आणि कपडा पोचला की तिच्यावर गिऱ्हाईक सही करतं.

काळा कोट, पोस्टमास्तर, कोपराला कसर. खाली पोचल्याची सही. बारीक, कोरलेली, पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाची सही. तारीख रिळ्या गेल्यानंतर अकरा दिवसांची.

मी ते बोटांवर पुन्हा मोजले. अकरा दिवस! घरात माणसांची रीघ लागली होती, आई भिंतीला डोकं टेकून बसलेली, मी कागदपत्रांच्या मागे धावतेय, आणि हा माणूस दुकानात दिवा लावून, रक्त धुऊन गोळीची भोकं रफू करत होता. आणि करून वर पोचवून आला! मला इतका संताप आला की मी टेबलावरचा सुयांचा डबा उलटा केला. मग अर्धा तास सुया वेचत बसले.

पोस्टमास्तर दुकानापासून तिसऱ्या गल्लीत राहतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून कुणी दार वाजवलं तर घड्याळ बघून मग उघडतात. मी म्हटलं, "काका, तुमचा काळा कोट बघायचा होता."

"का? काही राहिलं का?" ते आत गेले, कोट घेऊन आले, कौतुकाने झटकला. "तुझ्या बाबांचं काम म्हणजे काम. कोपराची कसर कुठे होती, मलाच सापडत नाही."

मलाही सापडली नसती. बाबांचा रफू डोळ्यांना दिसत नाहीच. पण धागे कुठून काढतात ते मला माहीत आहे. मी कोटाची खालची दुमड उलटली. कोपराच्या एवढ्याशा कसरीला बोटभर धागे पुरतात. इथे दुमड चारही बाजूंनी विरळ झाली होती. मी कोट खिडकीशी नेला आणि बोटं फिरवत गेले, डोळे मिटून, बाबांनी शिकवलंय तशी. एक पाठीवर, खांद्यांच्या खाली. एक त्याच्याच समोर, छातीवर. दोन खाली, काठाच्या जवळ, एक पुढे आणि एक मागे. चार जागी बोटाखाली कपडा किंचित जाड लागला. अस्तरालाही त्याच जागी आतून बारीक ठिगळं होती.

मी काकांना सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, काही राखून नाही ठेवलं.

पोस्टमास्तर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हा घालून मी एका लग्नाला गेलो. दोन निरोप समारंभांना गेलो." कोटाकडे बघितलं. "आणि हाच घालून मी तुमच्या घरी भेटायला आलो होतो गं."

मला आठवलं. आले होते खरे. आईने चहा दिला होता. बाबा एकदाच जागचे उठले होते, यांची कॉलर नीट करायला. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, या माणसाला पोरगा गेला तरी दुसऱ्याची कॉलर दिसते!

"कोट घेऊन जा," काका म्हणाले. मग लगेच, "नाही, थांब. मी स्वतः घेऊन येईन मंगळवारी. माझी वस्तू आहे. ताब्यात घेतली तर त्यांनी मला पोच दिली पाहिजे."

त्या संध्याकाळी मी बाबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "कोट मिळाला," म्हटलं. "का केलंत बाबा असं?"

बाबांनी सुई खाली ठेवली. "गिऱ्हाइकाचा होता. तारीख दिली होती."

कान लाल झाला नाही. म्हणजे खरं होतं. पण अर्धंच होतं, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"आणि?"

"आणि काय?"

"आणि वकीलबाईंना आठवत नाही म्हणून सांगितलंत. चौदा महिने आम्ही त्या एका वाक्यासाठी पायऱ्या झिजवतोय आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात! आणि काय, ते मला हवंय."

बाबांनी सुई डब्यात टाकली. "त्याला हात वर कर म्हणाले असणार," ते म्हणाले. "अहवालात लिहिलंय ना. म्हणालेच असतील. हात वर करायचे तर कोट टाकावा लागतो. आणि कोट टाकायचा नाही हे त्याला कुणी शिकवलं? मेलं तरी टाकायचा नाही, हे कुणी म्हटलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्याने हात वर केले नसणार. माझ्यामुळे नाही केले. ते भोकं बघतील आणि त्यांना तेच दिसेल. मग तुझ्या आईसमोर मी कसा उभा राहू?"

मला एक गोष्ट आठवली. त्या औषधाच्या दुकानवाल्याला बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला होता ते त्याने साक्ष झाल्यावर बाहेर मला सांगितलं होतं. 'कोट जमिनीला लागला होता का?' असं विचारलं म्हणे. त्यावरूनही मी त्या दिवशी बाबांशी अबोला धरला होता.

"आई घरात एकटी आहे," मी शेवटी म्हटलं. "तुम्हीच सांगा तिला. मी नाही सांगणार."

त्यांनी सांगितलं. मी मुद्दाम बाहेर पायरीवर बसले. मग आईचा आवाज आला. "एवढं मनात घेऊन माझ्या शेजारी झोपत होतात? आणि मी म्हणतेय, ह्यांना रात्रभर कूस बदलायला काय झालंय." थोड्या वेळाने म्हणाली, "भोकं काय सांगायची ती सांगू देत. मला खरं हवंय."

वकीलबाईंना फोन केला तर त्या ओरडल्याच. "रफू उसवू नका! सुईसुद्धा लावू नका! उसवायचा तो साहेबांच्या डोळ्यांसमोर. नाहीतर तो टाचा उचलणारा म्हणेल, भोकं तुम्हीच पाडलीत." म्हणजे हात वर होते की खाली, हे मंगळवारपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. वकीलबाईंना नाही, मला नाही, बाबांना तर नाहीच. बाबांनी भोकं बुजवली होती, पण ती कुठे कुठे जुळतात ते बघायची त्यांची हिंमत झाली नव्हती. एकेक भोक वेगळं समजून बुजवलं, म्हणाले.

मंगळवारी पोस्टमास्तर आमच्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, आणि कोट दोन्ही हातांवर आडवा. आमच्या दुकानाची रीत त्यांनी कधी बघून ठेवली होती कोण जाणे. कारकुनाकडे त्यांनी कोटाची पोच मागितली. तसा कागद नसतो असं कारकून म्हणाला. "नसतो कसा? मी नमुना लिहून देतो," म्हणाले आणि खरंच लिहायला बसले. साहेबांनी निमूट सही केली.

बाबांना टेबल दिलं, खिडकीजवळ. बाबांनी कोट पसरला आणि खिशातून बारीक कात्री काढली. मागच्या रांगेतला तो पोलीस मान खाली घालून बसला होता. बटण अजून लोंबतच होतं.

रफू उसवणं हे करण्याहून अवघड असतं. कुठला धागा कपड्याचा आणि कुठला आपला, हे ज्याचं त्यालाच कळतं. बाबांना कळायला वेळ लागत होता, इतकं ते काम चांगलं झालं होतं. खात्याचे वकील घड्याळ बघत होते. साहेब चष्मा पुसून पुढे झुकले. "इथे भोक आहे?" त्यांनी विचारलं. "मला तर काहीच दिसत नाही."

"दिसायला नकोच," बाबा म्हणाले. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांची मिशी हलली. मग पुन्हा डोकं खाली घातलं.

एकेक धागा ओढत त्यांनी चारही भोकं उघडली. अस्तराची ठिगळं काढली. तास गेला. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम काम त्यांनी आमच्यासमोर धागा धागा करून मोडलं, आणि ओढलेला प्रत्येक धागा टेबलाच्या कडेला नीट मांडून ठेवला. माझे दोन्ही हात आईने धरून ठेवले होते.

"आता तुमच्याकडे नेतात तसा घ्या," साहेब म्हणाले.

बाबांनी कोट हातांवर आडवा घातला. मधोमध, दोन्हीकडे सारखा लोंबेल असा. वरचा अर्धा भाग पुढे, खालचा अर्धा अंगाकडे. वकीलबाईंनी साहेबांची पेन्सिल मागून घेतली, पुढच्या भोकात घातली आणि हलकेच ढकलली. पेन्सिल चारही भोकांतून आरपार गेली. कोट हातांवर असाच होता, एवढं तर लहान पोरालाही कळलं असतं.

पण बाबा कमरेशी हात धरून उभे होते, आणि पेन्सिलचं टोक त्यांच्या मांडीला टेकलं होतं.

खात्याचे वकील ताडकन उठले. "बघा साहेब! मानलं, कोट होता. पण हात कुठे आहेत? कमरेशी! अहवालात वेगळं काय लिहिलंय?"

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. त्या चौदा महिन्यांत माझा धीर सुटला तो त्याच क्षणी, हे मी कबूल करते.

वकीलबाई कागद उलटत होत्या, चष्मा शोधत होत्या, तो डोक्यावर होता. बाबा कुणाकडेच बघत नव्हते. ते पेन्सिलकडे बघत होते. मापाचा माणूस आहे तो. कपडा बघून अंग सांगतो.

"जखम कुठे होती?" त्यांनी विचारलं. स्वतःशीच विचारल्यासारखं.

"छातीच्या मधोमध," साहेब म्हणाले.

"मांडीला नव्हती."

"नाही."

बाबांनी हात उचलायला सुरुवात केली. कोटासकट. कोपरं वाकवून, सावकाश, कोट घसरू न देता. पेन्सिलचं टोक मांडीवरून पोटावर आलं, पोटावरून बरगड्यांवर. बाबांचे हात छातीच्या वर गेले. खांद्यांच्या वर गेले. हनुवटीशी पोचले तेव्हा पेन्सिलचं टोक बरोबर त्यांच्या छातीच्या मधोमध टेकलं.

तिथे ते थांबले.

हातांवर कोट घेतलेल्या माणसाला हात याहून वर नेता येत नाहीत. याहून वर नेले तर कोट पडतो.

"वर केले होते त्याने," बाबा म्हणाले. आईकडे बघून म्हणाले. "अगं, दोन्ही केलं त्याने. हातही वर केले आणि कोटही नाही टाकला."

आई उभी राहिली होती. ती कधी उठली मला कळलंच नाही. ती रडत होती आणि मान हलवत होती, हो हो म्हणून.

खात्याचे वकील काही बोलायला उठले. टाचा उचलल्या, मग टेकवल्या आणि बसले. मागच्या रांगेतल्या पोलिसाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मला त्याचं काय वाटलं ते मी सांगणार नाही, कारण मला अजून ते ठरवता आलेलं नाही.

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. "लिहा," ते लेखनिकाला म्हणाले. "अहवालातलं हाताबद्दलचं वाक्य पुराव्याशी जुळत नाही, ते काढावं. त्या जागी लिहा. गोळी लागली तेव्हा त्याचे दोन्ही हात वर होते." लेखनिकाने लिहिलं. साहेब म्हणाले, "वाचून दाखवा." त्याने वाचून दाखवलं. आई प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत होती. पाठ करत होती.

बाबा अजून तसेच उभे होते. हनुवटीशी हात, हातांवर कोट, छातीशी पेन्सिल.

"हात खाली घ्या आता," साहेब म्हणाले.

बाबा हलले नाहीत.

साहेब खुर्चीतून उठले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "झालं हो. हात खाली घ्या."

"आधी कोट धरा कुणीतरी," बाबा म्हणाले.

पोस्टमास्तर पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात पसरले, सरळ, समोर. बाबांनी कोट त्यांच्या हातांवर आडवा घातला, दोन्हीकडे सारखा लोंबतोय ना ते बघितलं, आणि मगच हात खाली घेतले.